कटिंग

सहावीत नव्या बाईंनी विचारलं,
पालकसभेला वडील का नाही आले?
मी म्हणाले, कटिंगला गेले.
बाई पुण्याकडच्या. म्हणाल्या,
केस काय, उद्याही कापता आले असते.
वर्ग हसला नाही.
सावद्यात त्या शब्दाला हसायची
कुणाला सवयच नव्हती.
पहाटे चारला सिकंदर तडवीचा ट्रॅक्टर हॉर्न द्यायचा
आणि गल्लीतले नऊ-दहा बाप
खांद्यावर गोणपाट टाकून अंधारात चढायचे.
परतायचे तेव्हा शर्टावर केळीच्या चिकाचे डाग,
काळे, कुठल्याच साबणाला न घाबरणारे.

केसांचीही कटिंगच, पण ती रविवारी.
देविदासच्या खुर्चीत बसून बाप सांगायचा,
वर नवती राहू दे, मागची पीलबाग काढ.

चहा मात्र आमच्याकडे अर्धा.
मुंबईच्या आतेभावाने स्टँडवर
दोन कटिंग मागितल्या, तर हॉटेलवाला म्हणाला,
कोनाच्या मयातली?

आईची कटिंग रात्री, लाईट असली तर.
खडूची रेघ, पोलक्याचं कापड,
तोंडात दोन टाचण्या.
रागात असली की कात्रीला हात लावायची नाही.
आमच्या घरात कापड
कितीतरी दिवस तसंच पडून असायचं.

मुकादम दांडा मोडला म्हणून पैसे कट करायचा.
ट्रकवाले फैजपूर रोडला कट मारून जायचे.
माझा कटऑफ दीड मार्काने हुकला, तेव्हा
बाप बराच वेळ विडीच विझवत बसला.
मग म्हणाला,
काट्यावर दीड किलो त हवेतच जाते.

आता मी जळगावच्या एका वाचनालयात.
रोजची वर्तमानपत्रं, त्यातल्या बातम्या कापायच्या,
तारीख टाकायची, फायलीत चिकटवायच्या.
टेबलावर पाटी आहे: कटिंग विभाग.

बाप एकदा बघायला आला.
पाटी अक्षर अक्षर लावून वाचली.
विचारलं, दिवसाले किती होतात?
मी म्हणाले, तीस-चाळीस.
चांगले हायेत, म्हणाला.
मग माझी कात्री उचलून
अंगठा पात्यावरून आडवा फिरवला.
धारच नही इले.

दुपारभर तो बाहेर
पायरीच्या दगडावर
सरकारी कात्री घासत बसला होता.