आयत्या वेळचे विषय

दोन बायका आल्या लेवार्डनहून, चौकशी समितीच्या.
इतिवृत्ताच्या वह्या मागितल्या.
तेवीस वर्षांच्या वह्या मी टेबलावर मांडल्या,
निळ्या पुठ्ठ्याच्या. स्केटिंग क्लबची चिटणीस मीच.
अक्षर माझं.
अक्षराला मला कायम शाबासकी मिळत आली.

धाकटी म्हणाली, नऊ सालचा मार्च?
पान न उलटता सांगितलं मी :
कॉफीचं यंत्र.
दुरुस्त करावं की नवं घ्यावं, पन्नास मिनिटं.
रिंट्स जुन्याच्या बाजूनं इतका बोलला
की त्याचीच कॉफी गार झाली.
मग विषय सात, अध्यक्षांच्या परवानगीनं
आयत्या वेळी आलेला :
"एका पालकाचे पत्र. नोंद घेतली."
सर्वांचे आभार मानून सभा संपली.

पत्र दोन पानी होतं, चौकटीच्या वहीतल्या कागदावर.
मोठ्यानं कुणी वाचलं नाही, हातोहात फिरलं.
मसाजच्या खोलीची कडी आतून का लागते,
सरावाहून आल्यावर माझी मुलगी
तासभर नळ सोडून का बसते,
असं काही.
डाउवेनं त्याची चौघडी घडी केली,
कपाखाली ठेवली,
कारण टेबल डुगडुगत होतं.

त्या हिवाळ्यात प्रशिक्षकानं दोन पदकं आणली होती.
आमच्याकडे गाई पुष्कळ, त्यामुळे कळतं :
दुभत्या गाईच्या लाथा गोड.
आणि लाथा आम्हाला बसत नव्हत्या.

बर्फावर दर तासाला हिल्के यंत्र फिरवायचा.
मागे कोमट पाणी सुटायचं,
ओरखडे, पडल्याच्या खुणा, सगळं भरून यायचं.
काचेमागून बघायला मला आवडायचं ते.
अजून आवडतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या बैठकीत :
"सदस्यसंख्या एकेचाळीस. मागील बैठकीत बेचाळीस."
बेरीज-वजाबाकीत मी कधी चुकले नाही.
तिच्या कपाटाची किल्ली परत आली नाही
म्हणून अनामत जप्त केली. पाच युरो.
तेही लिहिलंय.

नीन्के गेल्या महिन्यात आली.
हार्लिंगनच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं तपासते.
दाराशीच उभी राहिली,
पलीकडून बर्फावर पात्यांचा आवाज येत होता
तो थांबेपर्यंत.
मग म्हणाली, ते पान दाखवा.

दाखवलं.
तिनं ओळीवर अंगठा ठेवला, आडवा.
ओळ झाकली गेली.
"आई चार रात्री लिहीत होती," म्हणाली.
"शब्दकोश घेऊन. तुम्ही हसू नये म्हणून."

मी म्हणाले, आमच्या लक्षात…
आणि पुढचं क्रियापद मला सुचेना.
मला. तेवीस वर्षं क्रियापदं लिहिणारीला.
तिनं वाट पाहिली, बरीच.
मग गेली. पावणेपाचची बस होती.

आता नव्या समितीचं माफीपत्र निघणार आहे.
मसुदा तपासायला माझ्याकडे आला, सवयीनं.
तिसऱ्या परिच्छेदात होतं :
"त्या काळी ही बाब कोणाच्याही लक्षात आली नाही."
मी ते खोडलं.
त्या जागी सहा नावं लिहिली.
रिंट्स वारला, त्याचंही;
त्याच्या नावाची पितळी पाटी आहे बाकावर, तिथंच
मुलं बूट बांधतात.
सहावं माझं.

मसुदा काल परत आला, टंकलेला, नीटनेटका.
तिसरा परिच्छेद पूर्वीसारखा.
सोबत चिठ्ठी :
सूचनांची नोंद घेतली.

मी पेन शोधते आहे.
टेबल अजून डुगडुगतं.
वाकून पाहिलं पायाखाली,
तिथं आता कुणीतरी
लाकडाची पाचर मारली आहे.