डाव्या ओळीतला तिसरा

बू मिशारी गाडी बंद करत नाही.
शुवैखच्या गल्लीत, आमच्या गॅरेजच्या तोंडाशी
काळी जी-वॅगन गुरगुरत उभी राहते,
दोन्ही दारांखाली दोन दोन नळकांडी,
आणि तो काच चार बोटं खाली घेऊन म्हणतो,
"मगदूम, ऐक."

मी ऐकतो.
इचलकरंजीत चोवीस मागांच्या खडखडाटात
आप्पा तंबाखू मळता मळता थांबायचे.
सातव्याचा धोटा अडखळतोय.
दोन मिनिटांत सूत तुटायचं,
सातव्याचंच.
मला बाराखडी उशिरा आली,
हे लवकर.

आठ सिलिंडर, दोन टर्बो,
कागदावर पाचशेऐंशी घोडे,
बाहेर पन्नास अंश.
डाव्या ओळीतला तिसरा
जरा मागून बोलतो. एवढंच.

बॉनेट उघडलं की एक चकचकीत पट्टी,
तिच्यावर सही:
ज्यानं हे इंजिन एकट्यानं जोडलं, त्याची.
उवे लांबर्ट. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.
त्याच्या हातचं हे माझ्याकडे आलेलं चौथं.
भला माणूस असावा, घाई दिसत नाही कुठे.
पण तूझ सुटला की इथे फिल्टरवर धूळ बसते
गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ बसतं तशी,
हे त्याला कुणी सांगितलंय की नाही, कोण जाणे.
मी आधी पट्टी पुसतो,
मग बाकीचं.

"मगदूम म्हणजे काय, ठाऊक आहे?"
बू मिशारी इस्तिकानातली साखर ढवळत विचारतो.
"मख्दूम. ज्याची सेवा केली जाते, तो. धनी."
मी गाडीखाली होतो, नुसते पाय बाहेर.
म्हटलं, वतन होतं म्हणे आमच्याकडे कधीतरी.
तो मोठ्यानं हसला,
मग जरा कमी हसला,
आणि वाकून स्वतः टॉर्च धरला.
दहाएक मिनिटं.
दिशदाशाच्या काठाला ऑइल लागलं त्याच्या.

कॉइल बदलली. रात्री सालमीच्या रस्त्यावर चाचणी.
चालवणार तोच. मला इथलं लायसन्स नाही,
त्याला जेवढा पगार लागतो तेवढा माझा नाही.
मी उजवीकडे बसतो,
गावाकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे.
तो पाय दाबतो
आणि पाठ मागे राहते, पोट त्याच्याही मागे,
माझा उजवा पाय
नसलेल्या ब्रेकवर.
एकशेसत्तर. एकशेनव्वद.
बाहेर अंधार, कुठे तरी छावणीचा एक दिवा,
तो आला तसा गेलाही.
मी डोळे मिटतो.
आठही बोलतायत. कुणी मागे नाही.
"तमाम?"
तमाम.

उभ्या गाडीचा आवाज मी मोबाइलवर घेतला,
दीड मिनिटाचा, अक्काला पाठवला.
आप्पांना आता उजव्या कानानं काही येत नाही,
डाव्यानं थोडंसं;
माग तर भंगारात गेले, किलोच्या भावानं.
अक्कानं सकाळी लिहिलं:
फोन कानाला लावून बघितला, नको म्हणाले.
मग मांडीवर ठेवला,
वर तळहात ठेवून बसले आवाज संपेपर्यंत.
म्हणाले, चालू आहे.
अजून एकदा लाव म्हणाले.