घाटात तापेल का

लिमात, विल्सन रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर
माझं हातभर दुकान.
इलारिओ यारांगा आले, वय एकाहत्तर,
एकतीस वर्षं वान्कायोची बस हाकली.
डोळ्यांपायी लायसन्स गेलं.
म्हणाले, गेममध्ये तो रस्ता मिळतो म्हणे.

मी प्रोसेसर दाखवला. त्यांनी विचारलं,
"घाटात तापेल का?"
पंख्याच्या पात्यांवर फुंकर मारून पाहिली,
मोठा घेतला.
पॉवर सप्लाय हातात तोलला, हलका वाटला,
परत दिला.
रॅम किती?
"सगळ्या सीटा भरल्या तरी चढेल इतकी."

रंगीत दिवे मात्र नकोत.
"रात्री आत उजेड केला
की काचेत आपलंच थोबाड दिसतं, रस्ता नाही."

ग्राफिक्स कार्डापाशी पैसे संपले.
पाकीट दोनदा उलगडलं.
मी वापरलेलं एक काढलं, पंखा खरखरतो असं.
त्यांनी कान लावला.
"खरखर चालेल. गप्प झालं की भ्यायचं."

खाली खोकी टॅक्सीत चढवली,
दार लावून त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या,
सवयीनं.
आणि टॅक्सीवाला, कोण कुठला पोरगा,
निघालाच.
हे अजून फुटपाथवर.