कठीण बी

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत
मी ओलावा मोजते.
सोयाबीनचा, मुगाचा, सरकीचा.
डबीत चिमूटभर बी, भट्टी, वजन, पुन्हा वजन.
संध्याकाळी वाजेद सर मला मोजतात:
चिमटा दंडावर, पोटावर, मांडीवर.
"चौदा. दहावर आण, खरात."

आणलं.
मार्च होता, गावाला नळ आठ दिवसांआड,
माय रात्री दोनला उठून टाक्या भरायची
आणि भरल्या टाकीशेजारी मी
दोन दिवस घोट मोजून प्यायले.
माय म्हणाली,
"बाहेर दुष्काळ कमी हाय का,
म्हणून आतबी पाडायलीस?"

मंचावर मात्र, खोटं कशाला बोलू,
मी देखणी होते.
मांडी अशी, सोललेल्या मोसंबीच्या फोडी मोजाव्यात.
पाठ वळवली तशा मागच्या खुर्च्यांवरल्या पोरी ओरडल्या,
आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा
कुणी मला वळून पाहिलं ते मी सांगितलं म्हणून.
दुसरा नंबर. स्टीलची ढाल,
इथल्याच रोलिंग मिलवाल्याच्या बापाच्या नावाची.

मे महिन्यात लॅबमध्ये शाल घेऊन बसले.
कुसुमबाईंनी पंखा बंद केला,
स्वतः घामाघूम, बोलल्या नाहीत काही.
न्हाणीच्या जाळीत केसांचा बोळा.
कपाटात पाकीट, दिवाळीत फोडलेलं,
अजून तेवढंच.
आधी वाटलं, सुटले.
जिममधल्या पोरी तर हीच खूण मानतात.
"गेली का तुझी?"
"गेली."
"मग लागलीस लायनीला."

मग एकदा नुसता जिना उतरताना
पायाचं हाड बारीक तडकलं.
मंठाळे डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडं फिरवला.
"वय एकतीस. हाडं माझ्या वयाची."
बाई साठीच्या.
"शरीर कंजूष असतं गं.
तंगी आली की आधी ते दुकान बंद करतं
ज्याच्यावाचून आजचा दिवस निघतो.
उद्याचं त्याला कोण विचारतंय."

वाजेद सरांना सांगितलं तर बराच वेळ वही चाळत बसले.
म्हणाले, "माझ्याकडं हा रकानाच नव्हता."
दहाचा आकडा खोडला
आणि पेन माझ्याकडं दिलं.

आता हसू येतं,
कारण सोयाबीनचं मला ठाऊक होतं की.
वाळवावं लागतंच, नाहीतर बुरशी.
पण फार वाळलं
की पोतं जरा जोरात टेकवलं तरी साल तडकतं.
वरून चकचकीत. पेरल्यावर कळतं.
चार वर्षं हेच सांगतेय मी फोनवर,
परतूरला, मंठ्याला, अंबडला,
ओळखीच्या न् अनोळखी माणसांना.

सध्या भाकरी, वर करडीचं तेल.
पोटावरच्या रेघा पुसट झाल्या,
त्यासाठी एकदा रडले, आरशाला टॉवेल टाकला.
वजन मात्र उचलते तेवढंच. नाही, पाच किलो जास्त.
पुन्हा उतरणार का मंचावर?
उतरेन. वाटतं तरी.
थोडे दिवस वाळेन, वर्षभर नाही.
ते जमतं का, हे कुणालाच नीट माहीत नाही,
सरांना नाही, बाईंना नाही.

माय रोज नजरेनंच विचारते.
मी मान हलवते, अजून नाही.

आज सातवा दिवस. मुगाचा ओला कागद उलगडला.
शंभरातले ब्याण्णव उगवले, पाच कुजले.
तीन तसेच, खड्यासारखे,
फुगले नाहीत, नासले नाहीत.
त्यांना मेल्यात धरायचं नसतं.
त्यांचा रकाना वेगळा.

"कठीण किती?" कुसुमबाई पेन धरून थांबल्यात.
"तीन लिहा," मी म्हणते,
आणि कागद
लगेच फेकत नाही.