आज्जा चिठ्ठी गिळायचा

आज्जा मटका लिहायचा,
लक्ष्मीपुरीत, धान्याच्या दुकानामागं.
शिट्टी आली की चिठ्ठी तोंडात,
वर पाण्याचा घोट.
फौजदार जबडा उघडून बघायचा:
पान, चुना, चार दात.
पुरावा पोटात.

आज्जी म्हणायची,
ह्या माणसानं पाऊण पेठेची नशिबं पचवली,
स्वतःचं तेवढं पचलं नाही.

आमचा बसू एकही आकडा खेळला नाही.
गंगावेशीत, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सांगतो.
त्यानं फक्त खातं दिलं.
दसरा चौकात, चहाच्या गाड्यावर,
पासबुक, एटीएम, नवं सिम
बुटाच्या खोक्यात घालून.
समोरचा जयसिंगपूरचा. हातात कडं, बोलणं गूळ:
भावा, तू काय करायचं नाहीस.
पैसं येतील, पैसं जातील.
आठवड्याला तीन हजार तुझं.

आले की.
दोनशे, पाचशे, एकोणीसशे नव्व्याण्णव,
रात्री अडीचला, पहाटे चारला.
कुठंतरी कुणीतरी अंथरुणात
स्क्रीनवरचं विमान उडवत होतं,
ते कोसळत होतं,
आणि बसूच्या खात्यातनं पाणी पुढच्या खात्यात,
तिथनं पुढच्या.
पाटाला काय कळतंय
कुणाचं रान भिजलं, कुणाचं वाळलं.

कट्ट्यावरचा आमचा कोडही त्याच खात्याचा.
पुठ्ठ्यावर चिकटवून खुंट्याला बांधलेला.
गिऱ्हाईक पेला संपवून मिशीचा फेस पुसायचं,
आणि डबी बोलायची:
तीस रुपये प्राप्त झाले.

त्या मंगळवारीही बोलत होती, रात्रभर, खुशीत.
सकाळी पेंडवाल्याला द्यायला गेलो
तर एक रुपया हलेना.
येणं चालू, जाणं बंद.
उंदराच्या पिंजऱ्याचं दार असतं, तसं.

बँकेतली बाई आवाज बारीक करून म्हणाली, होल्ड आहे.
वरंगळच्या सायबर ठाण्याचं पत्र आहे.
तक्रारदार निवृत्त लाइनमन.
पोरगं त्याच्या फोनवरनं खेळलं होतं.
रक्कम अडतीस हजार चारशे.
बसूनं वरंगळ नकाशात शोधलं.

कसबा बावड्यात वकील चष्मा पुसत बसला.
खेळला नाहीस, मान्य.
पण चोराची वाट तुझ्या परड्यातनं गेली.
बसू म्हणाला, मला काय माहीत?
वकील म्हणाला, बरं.
तीन हजार कशाचे, हे विचारलं होतंस?
पंखा फिरत होता.
बसूनं पंख्याकडं बघितलं.

घरी येऊन त्यानं सगळे मेसेज पुसले.
मग अंधारात, म्हशी रवंथ करत असताना,
मला हळूच विचारलं,
दादा, आज्जा खरंच गिळायचा?
मी म्हटलं, गिळायचा.
पण चिठ्ठी त्याच्या हातात असायची.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा उलटा केला,
मागं कोळशानं लिहिलं: रोख.
जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनात मात्र नाव आहेच आमचं.
कुणीतरी लांबनंच उधारी भागवतं,
आणि फळीवरची डबी मधेच बोलते,
तीस रुपये प्राप्त झाले,
म्हैस कान टवकारते,
आम्ही दोघं एकमेकाकडं बघत नाही.