एफ दोन

तामाझनं गोदाम सोडलं तेव्हा मागे ठेवला
एक चष्मा, एक बंद न होणारा खण
आणि ही फाइल.
म्हणाला, लामझीरा, तू फक्त वजनं भरत जा,
बाकी तिचं ती करते.

तीन हंगाम मी वजनं भरली.
सी चार, सी पाच, सी सहा.
झुगदीदीच्या रस्त्यानं ट्रॅक्टर यायचे,
हेझलनटची पोती काट्यावर चढायची,
ई रकान्यात किलो आपोआप कमी होऊन उमटायचे.

म्हातारी नानुली दर वर्षी विचारायची,
"नऊ दिवस पत्र्यावर वाळवलेत. हलवून बघ,
खुळखुळ्यासारखे वाजतात.
तरी शंभरातले चौदा जातात कुठे?"
मी म्हणायचे, ओलाव्याची वजावट.
"कुणाचा ओलावा?"
मी पडद्याकडे बोट दाखवायचे.
पडद्याशी कोण भांडणार?

यंदा एका दुपारी, वीज जाऊन आल्यावर,
मी पहिल्यांदा उत्तराच्या आत शिरले.
वरच्या पट्टीत लिहिलं होतं:
सी चार गुणिले, कंसात, एक वजा
डॉलर एफ डॉलर दोन.

एफ?
ईनंतर तर थेट जी होता.
लपवलेला रकाना उघडला. आत एकटाच आकडा,
चौदा टक्के,
एंगुरीला पूर आला होता त्या सालचा.

"मावशी, आपल्याला डॉलरमध्ये देतायत?" दाची म्हणाला.
नाही रे. डॉलर म्हणजे इथे खुंटी.
सूत्र खाली ओढत ने, चाळीस ओळी, चारशे ओळी,
सी पाय उचलतो, पाच होतो, सहा होतो,
माणसामागून माणूस.
एफ दोन जागचा हलत नाही,
दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखा.

मी दोन्ही खुंट्या उपटल्या, सूत्र खाली ओढलं,
आणि अख्खा गाव श्रीमंत झाला!
एफ तीन रिकामा, एफ चार रिकामा,
रिकाम्या घराला यंत्र शून्य समजतं.
कुणाचा ओलावा नाही, कुणाची वजावट नाही,
फक्त पहिल्या ओळीतला अबेसालोम
अजून चौदा भरत होता.
ती चूक मी चार मिनिटं तशीच राहू दिली,
चहा होईस्तोवर.

मग सूत्राला आपल्याच ओळीकडे बघायला शिकवलं.
ओलावा मोजायचं यंत्र खणात सापडलं,
बरं होतं, बॅटरी तेवढी नव्हती.
प्रत्येक पोत्यातून मूठभर.
नानुली, सहा.
जुम्बेर, अकरा.
त्सिआला, सात. तिला खरं वाटेना,
दोनदा मोजायला लावलं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
आमच्या गोदामात
ओल्याबरोबर सुकं भिजत होतं.

मग मुर्ताझ. माझा सख्खा भाऊ.
बावीस.
शंभरामागे आठ नानुलीचे जात होते,
शंभरामागे आठ याला मिळत होते,
आणि दोघांनाही मी एकाच पेनानं पावती देत होते.

तो टेबलावर वाकला.
"माझ्या घरात जुना आकडा राहू दे. एकच घर.
कुणाला दिसतंय?"

खरंच, कुणाला दिसतंय.
सूत्रावर हातानं आकडा टाइप केला
तर पडदा तक्रार करत नाही.
सूत्र पुसलं जातं, आकडा बसतो,
शेजाऱ्यांसारखाच काळा, उजवीकडे टेकलेला.

हिवाळाभर माझी लाकडं हाच फोडून देतो.
त्यासाठी कुठलाही रकाना नाही.

बावीस लिहिलं. एंटर दाबलं.
तळाची बेरीज जराशी हलली,
बाकावरून कुणी उठल्यावर फळी हलते तशी.
मुर्ताझनं दार आपटलं नाही.
आपटायला हवं होतं.

रकाना आता उघडाच असतो.
एफ दोनमधले चौदा टक्के मी पुसले नाहीत.
आहेत तिथे आहेत,
कुठलंच सूत्र त्यांच्याकडे बघत नाही.