विसावा नमुना

रात्री साडेअकरानंतरची वेळ मागून घेते मी यंत्रावर.
दिवसा अजनीकडून मालगाडी निघाली
की पडद्यावरचा केस थरथरतो,
रुळांची खबर त्याला माझ्याआधी लागते.

बाहेर मे. गच्च्यांवर लोक चादरी ओल्या करून झोपलेत.
इथं तळघरात वीस अंश, ना कमी ना जास्त,
आणि मी स्वेटर घालून.
चौकीदार ढोबळेकाका विचारतात,
"मॅडम, तुम्ही नागपूरच्याच ना जी?"

केस आधी राळेत पुरायचा.
मग हिऱ्याच्या पात्यानं चकत्या पाडायच्या,
इतक्या पातळ की पाण्यावर तरंगतात.
रुपेरी दिसली तर जमली,
जांभळी दिसली तर जाड, फेकून द्या.
आईला हे सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती.
म्हणाली, "अन् माझ्या विळीला धार लावून आणायला
तुला वेळ नाही."

मग पोकळीत ठेवून वीस हजार पट मोठा करायचा.
केसाच्या गाभ्यात जवस सांडलेलं दिसतं:
लांबट, काळं, एकमेकांना खेटून.
रंग म्हणजे एवढंच.
हेच दाणे कातडीत जरा जास्त पडले
म्हणून ताईची तीन स्थळं परत गेली.
मी दाणे मोजते. माझा पगार त्याचाच आहे.

नमुने येतात चितारओळीतून,
शालिक नक्षण्यांच्या दुकानातून.
वीस गिऱ्हाइकं, पेपराच्या वीस पुड्या,
वर बॉलपेननं आकडा. नावं घ्यायची नाहीत, नियम आहे.

एक ते एकोणीस: काळा तो काळा.
पांढरा तो रिकामा, फटक्यात हवा भरलेली.

विसाव्याचं टोक काळं,
मधे पांढरा पट्टा,
मुळाशी पुन्हा काळा.

केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, साधारण.
त्याचा शून्य मैलाचा दगड डोक्यातच,
तिथून मागे मागे मोजत जायचं.
मी अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर कापत गेले.
आठपर्यंत जवस. आठ ते अकरा काहीच नाही,
कोरी चौकट, कोरी चौकट, पुन्हा कोरी.
आणि आठच्या जरा अलीकडे
एक दाणा, अर्धवट भरलेला,
मग दोन,
मग एकदम सुगी.

गेलेला रंग परत येतो हे वाचलं होतं मी.
पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नियम मोडून दुकानात गेले.
नक्षणे एकाच्या गालाला फेस लावत होते,
मानेवर रुळणारे त्यांचे केस तेलानं चपचपीत.
वर न बघता म्हणाले,
"एकोणीसच भरले जी. म्हटलं, विसावा माहाच टाका."

समोर नवाकोरा सिमेंटचा रस्ता, दुकानाच्या पायरीहून उंच.
आरशाशेजारी गेल्या सालचं कॅलेंडर,
रोजचा गल्ला तारखेखाली बारीक आकड्यात.
जून, जुलै, ऑगस्ट:
चौकटी कोऱ्या.

मी काही विचारलं नाही.
त्यांनीच विचारलं, वस्तरा पुसत,
"तुमच्या मशीनीत दिसते काजी ते?"
"दिसतं."
"किती?"
"तीन सेंटिमीटर."
त्यांनी हवेत चिमूट धरून पाहिली,
थोडी मोठी केली, थोडी लहान.
"बस? एवढंच?
मले त लय लांब वाटलं होतं."